मेलबर्नमध्ये जीपीकडे जाताना: मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्नच्या पश्चिमेला एका जीपी क्लिनिकच्या रिसेप्शनवर मी बसते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कुठली गोळी घ्यावी हे मला विचारू नका. पण काउंटरच्या अलीकडे आणि पलीकडे काय घडतं ते रोज बघते, आणि मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या रांगेत उभी राहिले की हेच प्रश्न ऐकते. म्हणून एकदा लिहून काढले. राज्यागणिक बदलणारं जे काही आहे ते व्हिक्टोरियापुरतं समजावं.

जीपी म्हणजे नक्की कोण? सरळ स्पेशालिस्टकडे का जाता येत नाही?

जीपी म्हणजे आपला जुना फॅमिली डॉक्टर, फक्त इथे त्याच्या हातात किल्ल्या जास्त. पुण्यात अंगावर चट्टा उठला की आपण थेट स्किनवाल्याकडे जातो. इथे जीपीचं रेफरल पत्र नसेल तर स्पेशालिस्टच्या फीमधला मेडिकेअरचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य विम्याचा, परतावा मिळत नाही, आणि बरेच स्पेशालिस्ट पत्राशिवाय अपॉइंटमेंटच देत नाहीत. जीपीचं पत्र साधारण १२ महिने चालतं. एका स्पेशालिस्टने दुसऱ्याकडे पाठवलं तर ते पत्र ३ महिन्यांचं. जुनं पत्र घेऊन गेलेली माणसं परतावा का आला नाही म्हणून आमच्याकडे भांडायला येतात, म्हणून तारीख बघा.

इंग्रजी कामापुरतं येतं. तरी दुभाषा मागायचा?

मागायचा. ऑफिसात, बँकेत, दुकानात चालणारं इंग्रजी वेगळं आणि दुखत असताना लागणारं इंग्रजी वेगळं. तीस वर्षं इंग्रजीत हिशेब लिहिलेले निवृत्त गृहस्थ आमच्याकडे आले होते. छातीत दुखतंय एवढं त्यांनी सांगितलं. कसं दुखतंय, तर म्हणाले "पेनिंग". दाबल्यासारखं, टोचल्यासारखं, जळजळ, की चमक येऊन गेली? डॉक्टरला हेच हवं असतं, आणि मराठीत त्यांनी ते अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं.

दुभाषा मागणं म्हणजे इंग्रजी येत नसल्याची कबुली, असा एक समज आपल्या लोकांत घट्ट आहे. डॉक्टरांच्या डोक्यात तसं काही नसतं. त्यांना चुकीचं निदान नको असतं, बस.

मग मागायचा कसा? पैसे कोण देतं?

अपॉइंटमेंट घेतानाच सांगा: "मराठी इंटरप्रीटर." मराठी हा शब्द ठासून म्हणा. नाव भारतीय दिसलं की समोरची व्यक्ती सवयीने हिंदी लिहून मोकळी होते. (मी शेजारी बसलेली असूनही हे झालेलं आहे.) आजींना हिंदी मालिका कळतात म्हणून हिंदीत पोटाची तक्रार सांगता येईलच असं नाही.

फोनवरच्या दुभाष्यांची सरकारी सेवा आहे, टिस नॅशनल. नंबर १३१ ४५०, चोवीस तास चालू. सुरुवात १९७३ साली सिडनी आणि मेलबर्नमध्ये झाली, म्हणजे मेडिकेअरपेक्षाही ती जुनी. मेडिकेअर आलं १९८४ च्या फेब्रुवारीत. तुमच्याकडे मेडिकेअर कार्ड असेल आणि डॉक्टरने या मोफत सेवेत नाव नोंदवलं असेल तर तुम्हालाही बिल येत नाही आणि डॉक्टरलाही नाही. कित्येक क्लिनिकनी नोंदणीच केलेली नसते. "आमच्याकडे अशी सोय नाही" असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा "आम्ही फॉर्म भरलेला नाही" एवढाच. नम्रपणे तसं सांगून बघा.

मराठी दुभाषे हिंदी-पंजाबीच्या मानाने कमी आहेत, म्हणून दोन-चार दिवस आधी कळवलं तर बरं. आणि अपॉइंटमेंट लांब मागा. नेहमीची भेट ६ ते २० मिनिटांत बसवलेली असते. प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जाणार म्हटल्यावर तेवढ्यात काही होत नाही.

सरकारी हॉस्पिटलांचे स्वतःचे दुभाषे असतात. तिथेही आधी सांगायचंच.

मुलगा किंवा सून आहे ना सोबत. दुभाषा कशाला?

सोबत जरूर न्या. धीर द्यायला, औषधं लक्षात ठेवायला, गाडी चालवायला. पण मधे बसून भाषांतर करायला नको.

माझ्या सासूबाईंचं उदाहरण देते, त्यांची परवानगी घेऊन. पाळी बंद होऊन दहा-बारा वर्षं झाल्यावर त्यांना पुन्हा रक्त जायला लागलं. डॉक्टरकडे नेलं माझ्या नवऱ्याने. त्याच्यासमोर हे बोलणं त्यांना शक्यच नव्हतं. "थकवा येतो आणि कंबर दुखते" एवढंच सांगितलं. त्याने तेवढंच इंग्रजीत सांगितलं, डॉक्टरांनी कॅल्शियम लिहून दिलं आणि सगळे घरी आले. चार महिन्यांनी कपडे धुवायला टाकताना मला कळलं. सुदैवाने गाठ साधी निघाली. पण पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव ही एक दिवसही थांबायची गोष्ट नाही आणि आमचे चार महिने लाजेत गेले. पुढच्या भेटीला फोनवर एक मराठी बाई दुभाषी होत्या. सासूबाई त्यांच्याशी असं भडाभडा बोलल्या की मी खुर्ची घेऊन बाहेर जाऊन बसले.

हे झालं लाजेचं. दुसरा भाग घरच्यांच्या प्रेमाचा. डॉक्टर म्हणतात "कॅन्सरची शक्यता तपासायला हवी", आणि मुलगा आईला सांगतो, "काही नाही, एक टेस्ट करायची आहे." तो वाईट नाही, घाबरलेला आहे. पण मग आईने होकार कशाला दिला? आणि शाळेतल्या नातवंडाला तर या खुर्चीत कधीच बसवू नका.

तिसरा भाग बोलायला अवघड आहे. घरात कोणी हात उचलत असेल तर भाषांतर करणारा माणूस बरेचदा तोच असतो. अशा बाईला डॉक्टरशी एकटीने बोलता आलंच पाहिजे. १८०० ७३७ ७३२ या नंबरवर घरगुती छळासाठी चोवीस तास मदत मिळते, तिथेही दुभाषा मागता येतो.

दुभाषा मंडळातलाच निघाला तर? रविवारी आरतीला समोर उभा!

ही भीती खरी आहे, गाव लहान आहे आपलं. तरी काही गोष्टी लक्षात घ्या. जे ऐकलं ते गुप्त ठेवणं हा दुभाष्यांच्या आचारसंहितेचा भाग आहे, आणि ती मोडणाऱ्याचं काम जाऊ शकतं. फोनवरचा दुभाषा पर्थमध्ये किंवा ब्रिस्बेनमध्येही बसलेला असू शकतो. स्त्री हवी की पुरुष हे सांगता येतं. आवाज ओळखीचा वाटला तर "दुसरं कोणी मिळेल का" एवढंच म्हणा, कारण द्यायची गरज नाही.

बोलताना डॉक्टरकडे बघून बोला, फोनकडे नको. दोन वाक्यं झाली की थांबा. दुभाषा "मी" म्हणतो ते तुमच्या वतीने. "माझ्या गुडघ्यात दुखतं" असं तो म्हणाला तर त्याच्या गुडघ्याची विचारपूस करू नका. हसू नका, झालंय हे.

"पित्त झालंय", "कणकण आहे", "उष्णता झाली" हे डॉक्टरला कसं सांगायचं?

या प्रश्नावर मी तासभर बोलू शकते. आपल्या मराठीत आजाराचे शब्द भरपूर आहेत आणि ते आपल्याला इतके आपले वाटतात की ते भाषांतरात फुटतात हे लक्षातच येत नाही.

पित्तच घ्या. छातीत जळजळ म्हणजे पित्त. अर्धं डोकं ठणकून उलटी होते तेही पित्त. अंगावर लाल गांधी उठून खाज सुटते तेही पित्तच. डॉक्टरच्या लेखी हे तीन वेगळे आजार आहेत: ॲसिडिटी, मायग्रेन, ॲलर्जी. आणि शब्दकोश बघून कोणी "बाइल" म्हणालं तर डॉक्टर पित्ताशयाची सोनोग्राफी लिहितील. तेव्हा आजाराचं नाव सांगू नका. कुठे, कधी, काय खाल्ल्यावर, किती वेळ, ते सांगा.

"उष्णता झाली" म्हणजे तोंड आलं? लघवीला जळजळ? नाकातून रक्त? यातलं काय ते सांगा. "कणकण" आहे तर थर्मामीटर लावून आकडा घेऊन या, सेल्सियसमध्ये. "अंगावरून जातंय" म्हणजे पांढरं की लाल, हे लाजत का होईना सांगावं लागतं. "जीव घाबरा होतो" हे काळजीमुळेही असतं आणि हृदयामुळेही. सोबत घाम, दम, डाव्या हातात कळ असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ अँब्युलन्स.

आणि "मला बीपी आहे" असं नर्सला सांगितलंत तर ती गोंधळते, कारण बीपी सगळ्यांनाच असतं. हाय आहे म्हणा. शुगरचंही तेच.

इथे दुखणं दहापैकी किती असं विचारतात. आपल्या पिढ्यानपिढ्या दुखणं अंगावर काढण्यात गेल्या आहेत, त्यामुळे आजोबा मोडलेल्या मनगटाला "असेल तीन-चार" म्हणतात आणि बाकावर बसून राहतात. आकडा जमत नसेल तर काय करता येत नाही ते सांगा: रात्री झोप लागत नाही, भाकरी थापता येत नाही, जिना चढताना दोनदा थांबावं लागतं. त्यावरून डॉक्टरला जास्त कळतं.

बाबांचा शुगरचा रिपोर्ट साडेसात आलाय. मशीन बिघडलंय का?

नाही. माप वेगळं आहे. भारतात साखर मिलिग्रॅममध्ये मोजतात, इथे मिलिमोलमध्ये. इथल्या आकड्याला १८ ने गुणा: साडेसात म्हणजे १३५. उलट जाताना १८ ने भागा, म्हणजे तिकडचे १८० इथे १० होतात. माझे सासरे पहिला रिपोर्ट बघून म्हणाले होते, "साडेसात? मग मी जिवंत कसा?"

कोलेस्टेरॉल भारतातलं २०० म्हणजे इथलं साधारण ५.२. क्रिएटिनिन तिकडे १ असेल तर इथे ८८ च्या आसपास दिसेल, किडनी गेली म्हणून रडू नका. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, इथे टक्क्यांत आणि दुसऱ्या एका मापातही छापतात: ७ टक्के म्हणजे ५३. ही ओळ फ्रिजवर चिकटवून ठेवा. भारतात फोनवर भावाला आकडा सांगताना कोणत्या देशाचा ते आधी सांगा.

याच ओघात एक गोष्ट. आपण बारीक दिसतो आणि पोट मात्र सुटलेलं असतं. दक्षिण आशियाई लोकांना कमी वजनावरही मधुमेह होतो. इथल्या मधुमेहाच्या धोक्याच्या प्रश्नावलीत आशियाई लोकांसाठी कमरेचं माप वेगळं धरलेलं आहे. पुरुषांना ९० सेंटिमीटरपासूनच गुण चढतात. "माझं वजन तर नॉर्मल आहे" यावर समाधान मानू नका.

आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आलेत. त्यांना मेडिकेअर मिळतं का?

नाही. ऑस्ट्रेलियाचे ब्रिटन, न्यूझीलंड, इटली अशा काही देशांशी परस्पर आरोग्य करार आहेत. भारताशी नाही. व्हिजिटर व्हिसावर किंवा ८७० क्रमांकाच्या स्पॉन्सर्ड पेरेंट व्हिसावर आलेल्यांना खासगी विमाच लागतो. पर्मनंट रेसिडेन्सीचा अर्ज केलेल्या बऱ्याच जणांना निकाल लागण्याआधीच मेडिकेअर मिळतं, पण पेरेंट व्हिसाचे अर्जदार त्यातून वगळलेले आहेत. विद्यार्थ्यांचा विमा आणखी वेगळा.

विमा घेताना स्वस्त कुठला ते नंतर बघा. आधी दोन गोष्टी बघा: आधीपासून असलेला आजार धरलाय का आणि किती महिन्यांनी, आणि अँब्युलन्स आहे का. दुभाष्याची मोफत सेवाही मेडिकेअरला जोडलेली आहे, त्यामुळे आई-बाबांसाठी खासगी क्लिनिकमध्ये ती मिळेलच असं नाही. ज्यांना सगळ्यात जास्त गरज, नेमके तेच बाहेर. मला हे पटत नाही, पण नियम असा आहे. अशा वेळी मराठी बोलणारा जीपी शोधणं हा व्यवहारी उपाय.

भारतातून गोळ्या आणू का?

आणा, पण मूळ पाकिटात, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसकट, जास्तीत जास्त ३ महिन्यांच्या, आणि विमानतळावर प्रवाशांच्या कार्डावर लिहून. गोळ्या कापून डब्यात भरून आणू नका. पाकिटावरचं कंपनीचं नाव इथे कोणाला कळत नाही, त्याखालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव महत्त्वाचं. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, इथलं पॅनाडॉल. निमेसुलाइड इथे विकतच नाहीत. अँटिबायोटिक सहसा चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि २०१८ पासून कोडीन असलेली दुखण्यावरची गोळीही नाही.

आयुर्वेदिक भस्मं, काढे, गावच्या वैद्याची पुडी यांचंही डॉक्टरला सांगा. ओरडतील म्हणून लपवू नका. काही भस्मांत शिसं आणि पारा सापडलेला आहे, आणि काही वनस्पती रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांशी भांडतात.

डॉक्टरची फी किती?

क्लिनिक बल्क बिल करत असेल, म्हणजे बिल थेट मेडिकेअरला पाठवत असेल, तर मेडिकेअरवाल्याला शून्य. नाहीतर फी भरायची, त्यातला काही भाग परत येतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून सगळ्याच मेडिकेअरधारकांना बल्क बिल केल्याबद्दल क्लिनिकला जादा सरकारी पैसे मिळतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी पाटी बदलली आहे. सक्ती मात्र नाही. फोन करून विचारा. विचारण्यात कमीपणा नाही, आम्हाला दिवसातून वीस वेळा विचारतात. सरकारी यादीतल्या औषधाला १ जानेवारी २०२६ पासून जास्तीत जास्त २५ डॉलर, कन्सेशन कार्ड (पेन्शनर, कमी उत्पन्नवाले यांचं सरकारी सवलतीचं कार्ड) असेल तर ७.७० डॉलर.

रात्री-अपरात्री काय करायचं?

जिवावरचं असेल तर ०००. "अँब्युलन्स" आणि "मराठी" हे दोन शब्द पुरतात. अँब्युलन्स मेडिकेअरमध्ये येत नाही, कन्सेशन कार्ड नसेल तर वर्षाची मेंबरशिप घेऊन ठेवा. जावं की सकाळपर्यंत थांबावं हे कळत नसेल तर १३०० ६० ६० २४ वर नर्स असते. मोडलेलं बोट, टाके, ताप यासाठी अर्जंट केअर क्लिनिक, मेडिकेअरवर मोफत. इमर्जन्सीत सहा तास बसण्यापेक्षा बरं.

मुलाचं लसीकरण भारतात झालंय. पुन्हा करायचं?

पुन्हा नाही, नोंदवायचं. भारतातलं कार्ड घेऊन जीपीकडे किंवा कौन्सिलच्या नर्सकडे जा, त्या इथल्या राष्ट्रीय रजिस्टरमध्ये चढवतात आणि राहिलेल्या लसी सांगतात. कार्डावरचं अक्षर लागत नसेल तर घरी बसून इंग्रजीत तारखा लिहून न्या. नोंद नसेल तर चाइल्डकेअरची सबसिडी अडते.

इथे बीसीजी सगळ्यांना देत नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलाला घेऊन भारतात जास्त दिवस राहायचं असेल तर दोन-तीन महिने आधी विचारा. आणि इथे जन्मलेल्या मुलांना आजोळी नेताना टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए चं विचारायला विसरू नका. "आम्ही लहानपणी नळाचंच पाणी प्यायचो" हे खरं, पण यांनी प्यायलेलं नाही.

पोस्टाने एक डबी आली आहे. त्यात शी गोळा करायची म्हणे!

होय. पन्नाशीनंतर ७४ पर्यंत दर दोन वर्षांनी मेडिकेअरवाल्यांना येते, ४५ पासून मागवता येते. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी आहे, फुकट. किळस येण्यासारखं वाटतं, पण काडी बुडवून बाटलीत टाकायची एवढंच. खरी अडचण पुढे आहे: दुसरा नमुना होईपर्यंत पहिला थंड जागी, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवायला सांगतात. आमच्याकडे यावरून मोठी सभा झाली. दह्याशेजारी? नैवेद्याच्या दुधाच्या वर? शेवटी तिसऱ्या पिशवीत गुंडाळून, भाजीच्या कप्प्याच्या खाली, दारावर "उघडू नये" अशी चिठ्ठी लावून दोघांचे नमुने गेले. बऱ्याच घरांत ही डबी कपाटावर धूळ खात पडते. काढा ती.

बायकांच्या गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठीही २०२२ पासून स्वतःच नमुना घेता येतो, पडद्याआड, डॉक्टरने हात न लावता. २५ ते ७४ वयात, दर पाच वर्षांनी. लाजेमुळे टाळत असाल तर ते कारण आता उरलं नाही.

आईला इथे करमत नाही. त्यासाठी डॉक्टर?

दिवसभर घरात एकटी, खिडकीतून रस्त्यावर माणूस दिसत नाही, नातवंडं इंग्रजीत बोलतात. करमत नाही हे साहजिक आहे. पण झोप उडाली, जेवण तुटलं, पूजेतही मन लागत नाही, असं काही आठवडे चाललं असेल तर जीपीला सांगा. "डोक्याचा डॉक्टर" म्हणून घाबरवू नका. जीपी मानसिक आरोग्याचा प्लॅन बनवतात, त्यावर मानसशास्त्रज्ञाकडच्या वर्षाला १० भेटींपर्यंत मेडिकेअरचा परतावा मिळतो. डॉक्टरला "सॅड" म्हणून सांगितलं तर अर्धं राहतं. "जीव रमत नाही, रात्री दोनला जाग येते" हे दुभाष्यामार्फत मराठीतच जाऊ द्या.

वाईट अनुभव आला तर?

आधी प्रॅक्टिस मॅनेजरला लेखी सांगा. अर्ध्या गोष्टी तिथेच मिटतात, कारण रिसेप्शनला मॅनेजरची भीती असते. (आहे.) नाही मिटलं तर व्हिक्टोरियात हेल्थ कंप्लेंट्स कमिशनर आहेत, तक्रार फुकट असते आणि मराठीत सांगायची तर १३१ ४५० वरून दुभाषा घ्या. तक्रार केली म्हणून व्हिसावर परिणाम होत नाही. हा प्रश्न मला इतक्यांदा विचारलाय की वेगळा लिहायला हवा होता.

मंडळाला काही करता येईल का?

येईल, आणि त्यासाठी हॉल भाड्याने घेऊन शिबिर भरवायची गरज नाही. पाकिटात मावेल असं एक कार्ड छापा. एका बाजूला इंग्रजीत: मी मराठी बोलते, मला मराठी दुभाषा हवा, १३१ ४५०. दुसऱ्या बाजूला मराठीत स्वतःचे आजार, चालू औषधं, ॲलर्जी लिहायला जागा. आम्ही मागच्या गणपतीत प्रसादाच्या द्रोणाबरोबर दिली. दोन आठवड्यांनी एक आजी आमच्या काउंटरवर आल्या. काही न बोलता कार्ड पुढे सरकवलं. त्याला थोडं तूप लागलेलं होतं. मी मराठीत "बसा" म्हटलं, तर म्हणाल्या, "तू नको गं, तो फोनवाला लाव."